टू-डी बारकोडची तयारी: आर्टवर्कला हात लावण्याआधी आणि नंतर

टू-डी बारकोड म्हणजे पाकिटाच्या कोपऱ्यात आणखी एक चौकोन, एवढंच समजून कामाला लागलात तर पैसे दोनदा जातात. आधी डिझायनर आर्टवर्कमध्ये, म्हणजे पाकिटाच्या छपाईच्या डिझाइनमध्ये, क्यूआर बसवतो आणि छपाईची प्लेट तयार होते. माल दुकानात पोचतो आणि काउंटरवरचा स्कॅनर तो चौकोन वाचून ‘वस्तू सापडली नाही’ म्हणतो. मग सगळं नव्याने. चौकोन छापणं हा या कामातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे आत कुठली माहिती घालायची, ती कुठून येणार आणि पलीकडे ती कोण वाचणार हे ठरवणं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

२०२७ साली नेमकं काय व्हायचं आहे

बारकोडची जागतिक मानकं ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेने ‘सनराइज २०२७’ नावाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. २०२७ संपेपर्यंत किरकोळ विक्रीच्या काउंटरवरच्या स्कॅनरना आणि बिलिंग सॉफ्टवेअरना उभ्या रेघांच्या बारकोडबरोबर टू-डी कोडही वाचता आला पाहिजे, असं ते उद्दिष्ट. त्यात रेघांचा बारकोड बंद करण्याची तारीख नाही. हा कायदाही नाही, उद्योगाने आपणहून मान्य केलेली मुदत आहे. त्यामुळे ‘२०२८ पासून जुना बारकोड चालणार नाही’ असं सांगून कोणी यंत्र विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पुढची काही वर्षं दोन्ही कोड पाकिटावर शेजारी शेजारी नांदणार आहेत, आणि बरीचशी डोकेदुखी नेमकी या शेजारातून निर्माण होते.

बदल हवा कशाला? रेघांच्या ईएएन-१३ मध्ये फक्त १३ आकडे मावतात: वस्तू कोणती, एवढंच. कोणत्या बॅचची, कधी संपणारी, किती वजनाची, हे त्यात येत नाही. टू-डी कोडमध्ये हे सगळं मावतं. ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्स या सुपरमार्केट साखळीने ताज्या मांसाच्या पाकिटांवर डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच चौकोनी टू-डी कोड) छापायला घेतला तो याचसाठी. मुदत उलटलेलं पाकीट काउंटरवरच अडवता येतं, आणि बॅच परत मागवायची वेळ आली तर तेवढीच बॅच मागवता येते.

पायरी १: कोडने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते ठरवा

प्रत्येक उत्पादनासमोर हे चार प्रश्न लिहून काढा.

- मुदत संपलेला माल काउंटरवर अडवायचा आहे का? असेल तर कोडमध्ये मुदतीची तारीख हवी.
- एखादी बॅच परत मागवण्याची शक्यता खरोखर आहे का? मग बॅच नंबर हवा.
- प्रत्येक नग वेगळा ओळखायचा आहे का, म्हणजे नक्कल, वॉरंटी, दुरुस्ती? तरच सीरियल नंबर.
- ग्राहकाने फोनने स्कॅन करून घटक, वापर, विल्हेवाट वगैरे वाचावं असं वाटतं का? मग वेबपत्ता हवा.

पहिल्या तिन्हींना ‘नाही’ आणि चौथ्याला ‘हो’ असेल तर तुमचं काम फार हलकं आहे. सगळ्या पाकिटांवर एकच न बदलणारा कोड येईल, तो आर्टवर्कमध्येच जाईल आणि पॅकिंग लाइनवर एक स्क्रूही फिरवावा लागणार नाही. पहिल्या तिन्हींपैकी एकालाही ‘हो’ म्हटलंत की कोड प्रत्येक बॅचला किंवा प्रत्येक नगाला बदलतो, आणि छपाई, कॅमेरा, डेटा सगळंच बदलतं. खर्चातला फरक एवढा मोठा असतो की ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून सीरियल नंबर घालायचा मोह आवरलेला बरा. टिकाऊ मालाला बहुधा न बदलणारा कोड पुरतो. लवकर नासणाऱ्या मालाला तारीख आणि बॅच घालण्यात खरा फायदा आहे.

पायरी २: जीटीआयएनची यादी साफ करा

सगळ्याचा पाया जीटीआयएन, म्हणजे वस्तूचा तोच जुना बारकोड नंबर. टू-डी कोडमध्ये तो नेहमी १४ अंकी लिहितात. १३ अंकी असेल तर आधी एक शून्य, १२ अंकी यूपीसी (उत्तर अमेरिकेतला बारकोड नंबर) असेल तर दोन, ८ अंकी असेल तर सहा. उदाहरणार्थ ९५२१२३४५४३२१३ हा नंबर कोडमध्ये ०९५२१२३४५४३२१३ असा जातो. (९५२ हा उपसर्ग नमुन्यांसाठीच राखलेला आहे, खऱ्या मालावर तो वापरायचा नाही.)

शेवटचा आकडा तपासअंक. तो हाताने पडताळता येतो. पहिल्या १२ आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. इथे ९+१५+२+३+२+९+४+१५+४+९+२+३ म्हणजे ७७. पुढची दहाची पट ८०, फरक ३. म्हणून तपासअंक ३.

यादी तपासताना हमखास सापडणारा घोळ म्हणजे स्प्रेडशीट. नंबर ‘टेक्स्ट’ म्हणून न ठेवल्यास सुरुवातीची शून्यं गायब होतात आणि लांब नंबर घातांकाच्या रूपात दिसू लागतो. ती फाइल तशीच लेबल सॉफ्टवेअरला दिली की चुकीचा नंबर अगदी सुबक छापून मिळतो. दुसरा घोळ जुन्या नंबरांचा. बंद झालेल्या उत्पादनाचा जीटीआयएन नव्या उत्पादनाला द्यायची मुभा २०१८ च्या अखेरीस संपली. तिसरा म्हणजे वजन बदललं, नंबर तोच राहिला. निव्वळ वजन किंवा नगसंख्या बदलली की नवा जीटीआयएन घ्यावा लागतो. हे घोळ रेघांच्या बारकोडमध्येही होतेच. टू-डी कोडमागे वेबपान येतं, तेव्हा ते ग्राहकाच्या हातात उघडे पडतात.

याच वेळी बॅच नंबर कसे लिहिले जातात तेही पाहा. मानकात बॅचला २० अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण १० च्या आत राहिलेलं बरं. फक्त इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे वापरा. बॅच नंबरात तिरकी रेघ असेल तर वेबपत्त्यात तीच रेघ विभाजक असल्यामुळे तिला सांकेतिक रूप द्यावं लागतं. ते द्यायला कोणीतरी विसरतं आणि अर्धाच बॅच नंबर वाचला जातो. रिकामी जागा तर मुळीच नको. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांच्यातला गोंधळ टाळायला ‘ओ’ अक्षरच यादीतून काढून टाकतात, ते शहाणपणाचं आहे.

पायरी ३: कोणता कोड

काउंटरसाठी तीन पर्याय आहेत: जीएस१ डिजिटल लिंक (सगळी माहिती वेबपत्त्याच्या रूपात मांडायची पद्धत) असलेला क्यूआर, तीच डिजिटल लिंक असलेला डेटा मॅट्रिक्स, आणि जीएस१ डेटा मॅट्रिक्स. विपणनवाल्यांनी एव्हाना पाकिटावर टाकलेला साधा क्यूआर यातला एकही नाही. त्यात नुसता वेबपत्ता असतो, जीटीआयएन नसतो, म्हणून बिल करायला तो निरुपयोगी.

जीएस१ डेटा मॅट्रिक्समध्ये माहिती आकडे-अक्षरांच्या सलग ओळीत असते. प्रत्येक तुकड्याआधी तो काय आहे हे सांगणारा दोन ते चार आकड्यांचा ‘अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिफायर’ येतो. (त्याचं लघुरूप एआय आहे, पण एआय म्हटलं की आजकाल भलतंच डोळ्यांसमोर येतं, म्हणून इथे नुसतं आयडेंटिफायर म्हणू.) लागणारे मोजके हे: ०१ जीटीआयएन, १० बॅच, १५ ‘या तारखेपर्यंत उत्तम’, १७ मुदत संपण्याची तारीख, २१ सीरियल नंबर, ३१०३ किलोमधलं निव्वळ वजन तीन दशांशांपर्यंत. तारीख सहा आकडी असते: वर्ष, महिना, दिवस. ३१ डिसेंबर २०२७ म्हणजे २७१२३१. दिवसाच्या जागी ०० असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा असतो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळलं पाहिजे, पण छापताना पूर्ण तारीखच छापा.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली कंसांची. माणसाला वाचायला (०१) असं कंसात लिहितात, पण कोडमध्ये कंस घालायचे नसतात. ते घातले गेले की स्कॅनर आवाज करतो आणि बिलिंग सॉफ्टवेअर गप्प बसतं. दुसरी विभाजकाची. जीटीआयएन आणि तारखेची लांबी ठरलेली असते, बॅच आणि सीरियलची नसते. बदलत्या लांबीच्या तुकड्यानंतर आणखी काही येणार असेल तर मध्ये एफएनसी१ हे विभाजक चिन्ह हवं. ते राहिलं की बॅचच्या शेपटीला पुढची माहिती चिकटते. यावर साधा उपाय आहे: क्रम ०१, १७, १० असा ठेवा. बॅच शेवटी आली की विभाजकाची गरजच उरत नाही. कोडच्या अगदी सुरुवातीला मात्र एफएनसी१ हवाच. तो नसेल तर तो जीएस१ डेटा मॅट्रिक्स नाही, साधा डेटा मॅट्रिक्स आहे.

डिजिटल लिंकमध्ये हीच माहिती वेबपत्त्याच्या रूपात मांडतात:

तुमचं डोमेन/०१/०९५२१२३४५४३२१३/१०/बॅच नंबर?१७=२७१२३१

जीटीआयएन, बॅच आणि सीरियल पत्त्याच्या मार्गात येतात. तारीख आणि वजन प्रश्नचिन्हानंतर. (इथे देवनागरी आकडे लेखापुरते. कोडमध्ये आंतरराष्ट्रीय आकडेच जातात.) ग्राहकाचा फोन याला वेबपत्ता समजून उघडतो. काउंटरवरचं सॉफ्टवेअर त्याच ओळीतून ०१ नंतरचे १४ आकडे उचलतं. ते इंटरनेटवर जात नाही. ‘नेट गेलं तर बिलं थांबतील का?’ असं हटकून विचारलं जातं. थांबणार नाहीत.

मग निवड कशी करायची? ग्राहकाच्या फोनशी संबंध असेल तर डिजिटल लिंकचा क्यूआर. लोकांना त्याची सवय आहे आणि फोनचा साधा कॅमेरा तो ओळखतो. जागा फार कमी असेल आणि माहिती फक्त दुकानासाठी असेल तर जीएस१ डेटा मॅट्रिक्स. दोन्ही टू-डी कोड एकाच पाकिटावर छापायचा विचार मात्र सोडून द्या.

पायरी ४: डोमेन

डिजिटल लिंकमधलं डोमेन पाकिटावर छापलं गेलं की ते बदलता येत नाही. दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूवरचा पत्ता दहा वर्षं चालू राहिला पाहिजे. म्हणून डोमेन तुमच्या कंपनीच्या नावावर हवं, जाहिरात एजन्सीच्या किंवा छापखान्याच्या नव्हे. मुख्य डोमेनला ‘आयडी’सारखा छोटा उपविभाग जोडून तो फक्त याच कामासाठी ठेवा, म्हणजे मुख्य वेबसाइट नव्याने बांधली तरी कोड मोडणार नाहीत. नूतनीकरणाची तारीख एकाच माणसाच्या ईमेलवर सोडू नका. तो माणूस नोकरी सोडतो आणि डोमेनही सुटतं. सुटलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं की तुमच्या मालावरचा कोड त्याच्या पानावर जातो.

पत्ता लहान करून देणाऱ्या सेवा इथे चालत नाहीत. त्या मार्गातला ०१ आणि जीटीआयएन काढून टाकतात, आणि काउंटरला तेच हवं असतं. जाहिरातीचा हिशेब ठेवणारी शेपटीही कोडमध्ये नको. ती पुढे ज्या पानावर पाठवायचं त्याच्या पत्त्याला लावा. कोडमधला पत्ता कायम आणि त्यामागचं पान बदलतं, हे जमवण्यासाठी मध्ये रिझॉल्व्हर लागतो. तो जीटीआयएन पाहून विनंती योग्य पानाकडे वळवतो. हे वळवणं तात्पुरत्या प्रकारचं, म्हणजे ३०७ क्रमांकाचं ठेवा. कायमस्वरूपी वळवलं तर ब्राउझर जुना पत्ता लक्षात ठेवतो आणि पान बदलल्यावरही जुन्याच ठिकाणी जात राहतो. प्रत्येक जीटीआयएनला एक ठरलेलं उत्पादन-माहितीचं पान हवंच. अनोळखी बॅच आली तरी निदान त्या वस्तूचं पान उघडावं, ‘पान सापडलं नाही’ असं कोरं उत्तर येऊ नये.

पायरी ५: आकार आणि जागा

इथे डिझायनर आणि छापखाना यांच्यात ओढाताण होते, म्हणून आकडे आधीच कागदावर ठेवा. टू-डी कोडमधल्या एका लहान चौकोनाला मोड्यूल म्हणतात. काउंटरसाठी मोड्यूलची बाजू किमान ०.३९६ मिमी असावी, आणि जमेल तिथे ०.४९५ मिमीच्या आसपास ठेवावी. हे आकडे रेघांच्या बारकोडच्या किमान आणि नेहमीच्या जाडीच्या दीडपट आहेत.

किती मोड्यूल लागतील हे माहितीच्या लांबीवर ठरतं. समजा डोमेन ११ अक्षरांचं आहे. सुरुवातीच्या ‘https://’ या आठ अक्षरांसह नुसत्या जीटीआयएनचा पत्ता ३७ अक्षरांचा होतो. ‘एम’ दर्जाच्या त्रुटीसुधारणेसह (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) तो २९×२९ च्या क्यूआरमध्ये मावतो, कारण त्याची क्षमता ४२ अक्षरांची आहे. सहा अक्षरी बॅच आणि तारीख जोडली की ५७ अक्षरं होतात आणि ३३×३३ चा कोड लागतो, ज्यात ६२ मावतात. क्यूआरच्या चारही बाजूंना ४ मोड्यूल रिकामे सोडावे लागतात. म्हणून ३३ अधिक ८, ४१ मोड्यूल. ०.४९५ मिमीने ही बाजू २०.३ मिमी होते, ०.३९६ ने १६.२ मिमी. नेहमीच्या आकारातल्या ईएएन-१३ ला रिकाम्या जागेसह ३७.२९ × २५.९३ मिमी लागतात, म्हणजे क्यूआर त्याच्या निम्म्याहूनही कमी जागेत बसतो. तीच माहिती जीएस१ डेटा मॅट्रिक्समध्ये घातली तर २०×२० चा कोड पुरतो आणि भोवती एकच मोड्यूल रिकामा लागतो. ०.४९५ ने १०.९ मिमी. जागेची चणचण असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

छोटी युक्ती: वेबपत्त्याची सुरुवात आणि डोमेन सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं तर क्यूआरला दाट पद्धतीने साठवता येतं. वरचा ३७ अक्षरी पत्ता मग २९ ऐवजी २५×२५ मध्ये बसतो. डोमेनला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, त्यामुळे हे चालतं. तरी बाजारातल्या पाच-सहा वेगवेगळ्या फोनवर उघडून बघा.

क्यूआरच्या मध्यभागी लोगो घालायचा आग्रह होईल. लोगो त्रुटीसुधारणेची शिल्लक खातो, आणि ती शिल्लक पाकीट चुरगळलं किंवा शाई फिस्कटली तर लागणार असते. लोगो शेजारी लावा.

जागेबाबत नियम असा की टू-डी कोड रेघांच्या बारकोडजवळ, त्याच बाजूला असावा. कॅशियरचा हात सवयीने ती बाजू स्कॅनरकडे धरतो. दूर, दुसऱ्या बाजूला ठेवलात तर पाकीट फिरवावं लागतं आणि रांग वाढते. काठापासून किमान ८ मिमी सोडा. शिवण, सील, घडी आणि पाउचचा फुगणारा भाग टाळा. गोल बाटलीवर कोड जेवढा रुंद तेवढ्या त्याच्या कडा वळून दूर जातात. बारीक बाटलीला म्हणून डेटा मॅट्रिक्स बरा.

आता त्या शेजाराची गोष्ट. पाकिटावर आधीच विपणनाचा साधा क्यूआर असेल तर तो काढाच. टू-डी वाचन सुरू केलेला स्कॅनर समोर येईल तो चौकोन वाचतो. विपणनाचा वाचला गेला की बिलात गोंधळ. त्या मोहिमेचं पान नव्या डिजिटल लिंकमागे लावून देता येतं, काम तेच होतं. आणि दोन्ही बारकोडमधला जीटीआयएन एकच असला पाहिजे. बहुनगी पॅक करताना आतल्या सुट्या नगांचे कोड झाकले जातात की नाही तेही पाहा, नाहीतर सहा नगांच्या पॅकचं बिल एका नगाचं होतं.

पायरी ६: छपाई

न बदलणारा कोड आर्टवर्कमध्ये जातो. छापखान्याला व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा धारदार राहणारी) द्या. वेबसाइटवरून उतरवलेलं चित्र ताणून मोठं करणं म्हणजे कडा धूसर करणं. शाई पसरून मोड्यूल किती फुगतो ते छापखाना सांगतो आणि त्यानुसार फाइलमध्ये आधीच थोडी कपात करतो. गडद कोड, फिकट पार्श्वभूमी. तपासणीचा प्रकाश ६६० नॅनोमीटरचा लाल असतो. लाल किंवा नारिंगी शाई त्यात पांढरी दिसते. म्हणून पांढऱ्यावर लाल कोड डोळ्याला ठसठशीत आणि यंत्राला अदृश्य. काळा, गडद निळा, गडद हिरवा चालतो. पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर कोडखाली पांढऱ्या शाईचा अपारदर्शक थर हवा.

बदलणारा कोड लाइनवर छापावा लागतो. पाउचसाठी थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, कागदी खोक्यांसाठी थर्मल इंकजेट, काही मालावर लेझर. तारीख-बॅच उडवणारा जुना सततच्या धारेचा इंकजेट या कामाला बहुधा पुरत नाही. त्याचे ठिपके गोल आणि सुटे पडतात, पट्ट्याचा वेग थोडा जरी हलला तरी चौकोन तिरका होतो.

प्रिंटरचं रिझोल्यूशन आणि मोड्यूल यांचा मेळ घाला. मोड्यूल पूर्ण ठिपक्यांत बसला पाहिजे. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) एक ठिपका ०.०८४७ मिमीचा, पाच ठिपके ०.४२३ मिमी, सहा ०.५०८ मिमी. २०३ डीपीआयला ठिपका सुमारे ०.१२५ मिमी, तीन ठिपके ०.३७५, म्हणजे किमान मापाखाली, म्हणून चारच घ्यायचे. सॉफ्टवेअरमध्ये ‘कोड १८ मिमी करा’ असं सांगितलं तर ते ठिपके विभागून काही मोड्यूल जाड आणि काही बारीक करतं. म्हणून माप मिलिमीटरमध्ये न देता ‘प्रति मोड्यूल इतके ठिपके’ असं द्या.

लाइनवरची सगळ्यात महागडी चूक अक्षरांची आणि कोडची ताटातूट ही असते. बॅच बदलली, छापील अक्षरं बदलली, कोड मात्र जुन्याच बॅचचा राहिला. डोळ्याला काही कळत नाही. दोन्ही एकाच डेटा फील्डमधून काढणं हा त्यावरचा उपाय, आणि ऑपरेटरने हाताने दोनदा टाइप करण्याची सोयच ठेवू नये. प्रिंटरनंतर कॅमेरा बसवा, जो प्रत्येक कोड वाचून चालू बॅचशी ताडतो आणि न जुळणारा नग बाजूला ढकलतो. बॅच बदलताना पहिला आणि शेवटचा नग काढून नोंदीला चिकटवा. रिबनवरची सुरकुती आणि प्रिंटहेडचा जळालेला ठिपका सरळ पांढऱ्या रेघेसारखे दिसतात. अशी रेघ एकाच जागी सतत आली की हेड साफ करा, नाही गेली तर बदला.

पायरी ७: दर्जा तपासणी

फोनने वाचला म्हणजे कोड चांगला, असं नाही. फोनचा कॅमेरा फार सोशीक असतो. दर्जा मोजायला व्हेरिफायर लागतो, जो आयएसओ/आयईसी १५४१५ नुसार श्रेणी देतो. (रेघांच्या कोडसाठी १५४१६.) काउंटरसाठी किमान श्रेणी १.५. छापखान्यातून निघताना मात्र २.५ च्या वर मागा, कारण वाहतूक, ओल आणि घासणं पुढे आहेच.

नुसती एकूण श्रेणी पाहून थांबू नका. कोणत्या निकषाने ती खाली ओढली ते पाहा, दोष तिथेच कळतो. कॉन्ट्रास्ट कमी म्हणजे शाई किंवा पार्श्वभूमीची निवड चुकली. मॉड्युलेशन कमी म्हणजे शाई असमान किंवा मोड्यूल फुगले. अक्षीय असमानता म्हणजे उभं-आडवं माप वेगळं: पट्ट्याचा वेग आणि तो मोजणारा प्रिंटरचा एन्कोडर जुळत नाही. ठरलेल्या आकृतीची हानी म्हणजे क्यूआरच्या कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन किंवा डेटा मॅट्रिक्सची एल आकाराची कडा खराब झाली, किंवा भोवतालच्या रिकाम्या जागेत काहीतरी घुसलं. बहुधा चौकटीची सजावटीची रेघ.

श्रेणी ‘कसं छापलं’ हे सांगते, ‘काय छापलं’ हे नाही. आतली माहिती वेगळी तपासा: जीटीआयएन १४ अंकी आहे का, तपासअंक बरोबर का, तारीख खरी का, विभाजक आहे का. उत्कृष्ट श्रेणीचा चुकीचा कोड हा खराब कोडपेक्षा वाईट, कारण तो प्रत्येक वेळी बिनचूक चुकतो.

पायरी ८: काउंटरची बाजू

दुकानदारांनी आधी स्कॅनर मोजावेत. शुद्ध लेझर स्कॅनर टू-डी कोड कधीच वाचणार नाही, त्याला सॉफ्टवेअरचा उपाय नाही. ओळखायची सोपी खूण: फोनच्या पडद्यावर रेघांचा बारकोड उघडून धरा. कॅमेऱ्याचा स्कॅनर तो वाचतो, लेझरचा बहुधा वाचत नाही. कॅमेऱ्याचा असूनही टू-डी वाचत नसेल तर बऱ्याचदा ते वाचन सेटिंगमध्ये बंद असतं. चालू केलं की झालं. म्हणून नवे स्कॅनर घेण्याआधी जुन्यांची सेटिंग आणि फर्मवेअर पाहा.

मग सॉफ्टवेअर. स्कॅनर बहुतेक ठिकाणी कीबोर्डसारखा जोडलेला असतो: जणू कोणी टाइप केल्यासारखे आकडे येतात. यात तीन खड्डे आहेत. बारकोडचा रकाना १३ अक्षरांपुरता मर्यादित असेल तर लांब ओळ कापली जाते. विभाजक चिन्ह टाइप करता येण्यासारखं नसल्यामुळे ते वाटेत गळतं किंवा एखादा भलताच शॉर्टकट चालवतं. संगणकाची कीबोर्ड मांडणी स्कॅनरच्या मांडणीपेक्षा वेगळी असेल तर तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह दुसरंच काही होऊन येतात. स्कॅनरला कोडच्या प्रकाराची खूण पुढे पाठवायला सांगा, म्हणजे सॉफ्टवेअरला कोणत्या पद्धतीने उलगडायचं ते कळतं. पुढे बिलिंगच्या यादीत १३ अंकी नंबर असतील तर १४ अंकी जीटीआयएनचं पहिलं शून्य गाळून शोधायची सोय हवी.

दुहेरी वाचनही तपासा. एका झटक्यात रेघाही वाचल्या आणि चौकोनही, तर बिलात दोन नग येतात. क्षणार्धात आलेले दोन एकसारखे जीटीआयएन एकच नग धरायचा, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये हवा. पण कॅशियरने सारखेच दोन नग पाठोपाठ स्कॅन केले तर ते दोन मोजले गेले पाहिजेत. ही वेळमर्यादा प्रत्यक्ष काउंटरवर बसूनच ठरते.

मुदतीवरून विक्री अडवायची असेल तर आयडेंटिफायर १५ आणि १७ यांत फरक करा. १७ ची तारीख उलटली की थांबवा. १५ ला काय करायचं ते तुमचं धोरण. अडवलेला माल पुढे कोण पाहणार, बदली नग कोण आणणार हे आधी ठरलेलं नसेल तर कॅशियर रांग वाढू नये म्हणून रेघांचा बारकोड स्कॅन करून मोकळा होतो, आणि सगळी खटपट वाया जाते.

पायरी ९: पहिली फेरी

एक उत्पादन, एक लाइन, एक विक्रेता. एवढ्यावरच सुरू करा. मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्यांचा संच बनवा: मुदत उलटलेला, चुकीच्या तपासअंकाचा, विभाजक नसलेला, साध्या क्यूआरचा, चुरगळलेला, ओला, शीतपेटीतून काढून दव साचलेला. प्रत्येक प्रकारच्या स्कॅनरवर प्रत्येक नमुना किमान दहा वेळा फिरवा आणि पहिल्याच प्रयत्नात किती वाचले ते लिहा. परतावा, सवलत, स्वतः बिल करायचं यंत्र, गोदामातला हातातला स्कॅनर यांच्यावरही तेच करा. तपासणीत हटकून राहून जातं ते परताव्याचं काउंटर.

छापून पडलेली जुनी पाकिटं फेकायची गरज नाही. नवा कोड पुढच्या आर्टवर्क बदलाबरोबर आणा. घटक किंवा रचना बदलायची असतेच, त्याच प्लेटमध्ये हेही.

रेघांचा बारकोड कधी काढायचा? तुमचा माल जिथे जिथे विकला जातो त्या प्रत्येक विक्रेत्याने सगळ्या काउंटरवर टू-डी वाचन चालू असल्याचं लेखी कळवल्यावर. घाऊक व्यापारी आणि निर्यातीचे ग्राहक यांच्याकडूनही तेच घ्या. एका मोठ्या साखळीचा होकार आला म्हणून घाई केलीत तर उरलेल्या छोट्या दुकानांतला कॅशियर नंबर हाताने टाइप करत बसेल. त्याच्यासाठी तरी कोडखाली जीटीआयएन वाचता येईल अशा आकड्यांत छापलेला असू द्या.